तपासी अंमलदाराची डायरी

अभिमानी : खुनाचा तपास म्हटला म्हणजे आपल्याकडच्या जुन्या वाचकाच्या डोळ्यांपुढे बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार उभा राहतो, आणि हल्लीच्या प्रेक्षकाच्या डोळ्यांपुढे दाढी वाढवलेला, बायकोशी न पटणारा एखादा उदास अधिकारी, पण माझ्या मामांना, ज्यांनी नाशिकहून प्रशिक्षण संपवून फौजदार म्हणून बाहेर पडल्यापासून चौतीस वर्षे मुंबईत काढली आणि त्यांतली निम्म्याहून अधिक खुनांच्या तपासात घालवली, त्यांना मी जेव्हा जेव्हा घटनास्थळी निघताना पाहिले तेव्हा त्यांच्या हाती पिस्तूल नव्हते, खाकी कापडाची एक पिशवी होती. कार्बनचे कागद, लाखेची कांडी, सुतळी, मोजपट्टी, कोऱ्या लेबलांची चळत आणि बिस्किटांचा एक पुडा, एवढाच तिच्यातला सरंजाम. रात्री दोन वाजता ठाणे अंमलदाराचा फोन आला की ते प्रथम स्टेशन डायरीतल्या नोंदीची वेळ विचारीत आणि मग पत्ता. कारण पत्ता पुन्हा विचारता येतो, परंतु नोंदीची वेळ आणि आपण पोहोचल्याची वेळ यांच्यात एकदा फट राहिली की ती पुढे ब्रह्मदेवालाही बुजवता येत नाही. स्थळी गेल्यावर त्यांचे पहिले काम प्रेताकडे पाहण्याचे नसे, तर प्रेत पाहायला जमलेल्यांना बाहेर काढण्याचे असे, आणि त्या जमलेल्यांत शेजारीपाजारी व वार्ताहर यांच्या बरोबरीने मागाहून आलेले वरिष्ठही असत. दुसरे काम पंच मिळवण्याचे. ज्या चाळीत क्षणापूर्वी दीडशे माणसे कठड्यावर ओणवी झालेली असत, तिथे 'दोन पंच पाहिजेत' एवढे शब्द उच्चारताच दीडशे दारे लागत. मग नाक्यावरचा पानवाला, पहाटेचा दूधवाला अशांची विनवणी करायची. त्यानंतर जमिनीवर बसून चतुःसीमा : पूर्वेस काय, पश्चिमेस काय, मयत इसमाचे डोके कोणत्या दिशेस, उंबऱ्यापासून अंतर किती फूट, दिवा चालू की बंद, कडी आतून की बाहेरून, दुधाची पिशवी दाराला तशीच लटकलेली की आत घेतलेली. हे लिहून होईपर्यंत उजाडत असे. त्यांच्या विद्येची ही धुळाक्षरे, आणि त्या विद्येचा मला अभिमान आहे.

शंकेखोर : अभिमान जरूर बाळगा, पण आपण वर्णन केलेत ते एका दक्ष कारकुनाचे, आणि दक्ष कारकून तलाठ्याच्या चावडीतही सापडतो. मी सत्र न्यायालयात पंचवीस वर्षे आरोपींच्या बाजूने उभा राहिलो. आपल्या मामांसारख्यांचे शेकडो पंचनामे मी ओळन् ओळ वाचले आहेत, आणि त्यांतल्या चतुःसीमा बहुधा बिनचूक असतात हे मी मोकळ्या मनाने मान्य करतो. परंतु ज्या बुद्धिमत्तेचा महिमा लोक गातात ती त्यांत आहे कोठे? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशभरात खुनाचे २८,५२२ गुन्हे दाखल झाले, महाराष्ट्रात २,२९५. आणि हेतूंच्या रकान्यात सर्वांत मोठा आकडा, ९,९६२, हा निव्वळ तंटेबखेड्यांचा आहे, त्याखालोखाल ३,७६१ वैयक्तिक वैराचा. म्हणजे बांध, नळाचे पाणी, उसने दिलेले पैसे, दारूच्या गुत्त्यावर निघालेली आईबहीण. अशा खुनात मारणारा इसम बहुतेक वेळा तिथेच रक्ताळलेल्या हातांनी बसलेला असतो, किंवा संध्याकाळपर्यंत मेहुण्याच्या घरी सापडतो. जे गावाला ठाऊक असते ते फौजदाराला दुसऱ्या दिवशी ठाऊक होते. याला शोध म्हणायचे काय?

अभिमानी : शोध म्हणू नका, माझा आग्रह नाही. पण वकीलसाहेब, गावाला ठाऊक असणे आणि न्यायालयाला ठाऊक होणे यांच्यामध्ये जे अंतर आहे ते पायी तुडवण्यातच त्या माणसाचा जन्म जातो, हे आपल्याइतके दुसऱ्या कोणाला कळणार? महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात १९७३ साली सर्वोच्च न्यायालयाने 'गुन्हेगार असू शकेल' आणि 'गुन्हेगार असलाच पाहिजे' या दोहोंतले अंतर फार मोठे असल्याचे बजावले, आणि १९८४ साली पुण्यातल्या सारडा खटल्यात त्याच सूत्राचा विस्तार करून परिस्थितिजन्य पुराव्याची पाच तत्त्वे घालून दिली, ज्यांना वकीलमंडळी कौतुकाने 'पंचशील' म्हणतात. ही तत्त्वे न्यायमूर्तींनी लिहिली. पण पाळायची कोणी, तर सकाळी सात वाजता आरोपीच्या अंगातला सदरा जप्त करणाऱ्याने. तो सदरा ओला असताना पुडक्यात बांधला तर कुजतो आणि रक्तगट लागत नाही. म्हणून तो सावलीत वाळवायचा, वाळेपर्यंत त्याच्यापाशी माणूस बसवायचा, मग कागदात गुंडाळून, पंचांच्या सह्यांचे लेबल लावून, लाखेची मोहोर करून, मुद्देमाल कारकुनाच्या नोंदवहीत क्रमांक घालून, पोचपावतीसह कलिन्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत धाडायचा. प्रेताबरोबर शिपाई द्यायचा, आणि शवविच्छेदनाआधी प्रेताला त्याच्याखेरीज कोणी हात लावला नाही असे त्याला पुढे शपथेवर सांगता यावे असा द्यायचा. फिर्यादीची प्रत दंडाधिकाऱ्यांकडे विनाविलंब पाठवायची. तिला एक दिवस उशीर झाला की आपणच उठून विचारणार, की या एका दिवसात फिर्याद बदलली नाही कशावरून? आरोपीला चोवीस तासांत उभे करायचे, आणि नव्वदाव्या दिवसाच्या आत दोषारोपपत्र दाखल करायचे, नाहीतर जामीन हा त्याचा हक्क. या नव्वद दिवसांत खून काही एकच नसतो. मामांच्या टेबलावर एका वेळी चार चार खुनांच्या फायली असत, शिवाय अकस्मात मृत्यूंच्या वेगळ्या. आणि प्रत्येकीचा नव्वदावा दिवस त्यांनी देवांच्या तसबिरीखाली टांगलेल्या दिनदर्शिकेवर तांबड्या पेन्सिलीने खुणावलेला असे. संकष्टीची खूण मामी करीत, ती निळ्या पेन्सिलीने.

शंकेखोर : तुमच्या या वर्णनातच माझा मुख्य आक्षेप दडलेला आहे, तो आता उघड करतो. तुम्ही म्हणता, आधी ठाऊक असते आणि मग सिद्ध करायचे असते. माझे म्हणणे असे, की हा क्रमच घातक आहे. नवख्या फौजदाराला काही कळत नसते, म्हणून तो चारी दिशांना हिंडतो. जुन्याजाणत्याला मात्र पहिल्या संध्याकाळीच 'कळते', आणि एकदा कळले की त्यानंतरची प्रत्येक गोष्ट त्या कळण्याच्या सेवेला लागते. साक्षीदार जे बोलतो त्यातले जुळणारे जबाबात उतरते, न जुळणारे 'असंबद्ध' म्हणून वगळले जाते. आणि त्या जबाबावर कायद्यानेच साक्षीदाराची सही घेता येत नसल्यामुळे काय वगळले हे त्या बिचाऱ्याला न्यायालयात उभा राहीपर्यंत समजत नाही. पोलिसांपुढे दिलेली कबुली पुरावा म्हणून चालणार नाही असे स्टीफनने १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात पंचविसाव्या कलमात लिहून ठेवले, ते काय पोलिसांवरच्या प्रेमापोटी? पण त्याच कायद्याच्या सत्ताविसाव्या कलमाने एक दिंडी उघडी ठेवली : आरोपीच्या सांगण्यावरून एखादी वस्तू सापडली तर तेवढ्यापुरते त्याचे कथन ग्राह्य. प्रिव्ही कौन्सिलने स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर त्या दिंडीची रुंदी मोजून दिली, तरी तिच्यातून वाहतूक थांबली नाही. माझ्या पंचवीस वर्षांत ज्या ज्या सुऱ्यांचा मला परिचय झाला ते सारे आरोपीने आपखुशीने काढून दिले होते आणि बहुतेक सारे झुडपातून. या मुंबईत झुडपे किती आणि सुरे किती याचा हिशोब एकदा महानगरपालिकेच्या उद्यान खात्याने करावा! आणि पंच? एकाच ठाण्याच्या हद्दीत तोच भेळवाला पाच खटल्यांत पंच म्हणून हजर. उलटतपासात तो माझ्याकडे पाहून ओळखीचे हसला होता.

अभिमानी : भेळवाल्याचे मी नाकारत नाही. दीडशे दारे बंद होतात तेव्हा जो भेळवाला 'चला साहेब' म्हणतो त्याच्याकडे माणूस दुसऱ्यांदाही जातो. दोष असेलच तर दीडशे दारांनाही थोडा वाटून द्या. परंतु अनुभवाने डोळे मिटतात हे तुमचे म्हणणे अर्धेच खरे आहे. १९६८ साली मुंबईच्या उत्तरेकडील उपनगरांत रात्री झोपड्यांत आणि पदपथांवर झोपलेली माणसे डोके ठेचून मारली जात होती, सबंध शहर अंधार पडताच दारे लावून बसे, आणि तपासाची सूत्रे गुन्हे शाखेत रमाकांत कुलकर्णींकडे होती. तो रामन राघव अखेर ऑगस्टात सापडला कसा? कोणा झुंजारने वेषांतर केले म्हणून नव्हे. अॅलेक्स फियाल्हो नावाच्या एका उपनिरीक्षकाच्या डोक्यात जुन्या नोंदीतले छायाचित्र आणि वर्णन पक्के बसले होते, आणि रस्त्याने समोरून येणाऱ्या हजारो चेहऱ्यांपैकी एका चेहऱ्यापाशी त्याची नजर अडखळली. ती नजर नवख्याला नसते. रोज सकाळी कोठडीतले चेहरे पाहणे, गस्तीवर बातमीदाराशी विडी ओढत बोलणे, सुटून आलेल्या तडीपाराच्या घरासमोरून मुद्दाम जाणे, असल्या निरर्थक दिसणाऱ्या दिनक्रमातून ती घडते. तुम्ही जिला पूर्वग्रह म्हणता तिलाच आम्ही स्मृती म्हणतो.

शंकेखोर : हाच इसम आधीच्या हल्ल्यांच्या वेळी पोलिसांच्या हाती येऊन सुटला होता, हे त्या कथेतले अर्धे तुम्ही गाळलेत, पण असो, तुमचे छायाचित्र मी मान्य करतो, आणि त्याच्या शेजारी दुसरी छायाचित्रे ठेवतो. २००३ च्या जून महिन्यात नाशिक जिल्ह्यात एका झोपडीवर दरोडा पडला, बलात्कार झाले, पाच माणसे मारली गेली. त्यातून वाचलेल्या मातेला पोलिसांनी दोन दिवसांत आपल्याकडील सराईतांच्या छायाचित्रांचा अल्बम दाखवला, आणि तिने त्यातल्या चौघांवर बोट ठेवले. ते चौघे बाजूला राहिले. पकडले गेले ते दुसरेच सहा जण, भटक्या जमातीतले, दरिद्री, वकील लावण्याची ऐपत नसलेले. सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांची कायम केली. सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली पुन्हा सहांचीही फाशी कायम केली. आणि त्याच सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या मार्चमध्ये, तो अल्बम उघडून पाहिल्यावर, सहाही जणांना निर्दोष सोडले, प्रत्येकी पाच लाख रुपये द्यायला राज्य सरकारला सांगितले, आणि त्या चौघांचा तपास का झाला नाही याची चौकशी करण्याचा आदेश दिला. सोळा वर्षे गेली होती. त्यांतला एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. फियाल्होच्या डोक्यातले एक छायाचित्र तुम्ही मला दाखवलेत. मी तुम्हाला मिटून ठेवलेला सबंध अल्बम दाखवला. तिथे जे काही 'कळले' तेही अनुभवानेच कळले असणार. १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले आणि १९५२ साली ज्यांना त्या शिक्क्यातून मुक्त केले, त्या पालांवर फौजदाराची जीप आजही सवयीने वळते. स्मृती म्हणता ना? मग खात्याची स्मृती किती लांबची आहे पाहा.

अभिमानी : याला माझ्यापाशी उत्तर नाही, आणि मामांपाशीही नव्हते, तो निकाल लागला त्या दिवशी त्यांनी वर्तमानपत्र घडी करून ठेवले आणि जेवताना एक शब्द बोलले नाहीत. मात्र त्यांच्या स्वतःच्या आयुष्यातली एक हकीकत सांगतो, ती उत्तर म्हणून नव्हे. एका चाळीत एकटी राहणारी म्हातारी गळा दाबून मारली गेली. तिच्या भाच्याने तिच्याकडून पैसे घेतले होते, आदल्या आठवड्यात भांडण झाले होते, आणि खुनानंतर तो दोन दिवस बेपत्ता. मामांना पहिल्या संध्याकाळीच 'कळले', अगदी तुम्ही म्हणता तसे. भाचा सापडला, कोठडीत आला. त्या रात्री आपण कुर्ल्याला होतो, रिक्षावाल्याशी मारामारी झाली, असे तो सांगे. आणि हे असे प्रत्येकच जण सांगतो. मामांच्या हाताखालचे म्हणाले, साहेब, वेळ कशाला घालवता? पण मामांचा एक हट्ट होता : खोटे असले तरी ते तपासून खोटे ठरवायचे, ऐकून नव्हे. अटकेच्या पाचव्या दिवशी ते स्वतः कुर्ल्याच्या ठाण्यात गेले आणि एन.सी.चे रजिस्टर मागवले. रात्री दहा वाजून वीस मिनिटांनी भाच्याच्या नावाची अदखलपात्र नोंद होती, गचाळ अक्षरात, कोणा कंटाळलेल्या हवालदाराने केलेली, आणि तिच्याखाली भाच्याची सही. म्हातारीचा प्राण दहा ते साडेदहाच्या दरम्यान गेला होता. मामांनी भाच्याला सोडण्याचा अहवाल दिला. ज्याला आपण कारकुनी म्हणून हिणवलेत, ती एका माणसाच्या मानेभोवतीचा फास काढू शकते. आणि खरा मारेकरी? तो सापडलाच नाही. प्रकरण 'ए समरी'त गेले, म्हणजे गुन्हा खरा, पण उघडकीस न आलेला. आणि त्या वर्षीच्या गोपनीय अहवालात त्यांच्या नावापुढे तसा शेरा पडला. निरपराध्याला सोडल्याबद्दल शाबासकीचा रकाना त्या छापील नमुन्यात नसतो.

शंकेखोर : हकीकत चांगली आहे, पण तिच्यात दोन गोष्टी आहेत, आणि तुम्ही त्या एक समजता. एक मामांचा हट्ट, आणि दुसरी त्या हवालदाराची नोंद. कंटाळलेल्या हवालदाराने 'जा रे घरी' म्हणून दोघांना हाकलून दिले असते, जसे रोज दहादा घडते, तर मामांचा हट्ट कोणत्या रजिस्टरापुढे जाऊन उभा राहणार होता? त्या भाच्याला नशिबाने वाचवले, आणि नशिबाला दाराशी येऊ देण्याइतके दार मामांनी उघडे ठेवले, एवढेच श्रेय मी त्यांना देतो. ते थोडे नाही, हेही मानतो. पण मग विचारतो, की हा हट्ट त्यांना पाचव्या दिवशी सुचला, पहिल्या का नाही? मधले चार दिवस तो भाचा कोठडीत कसा होता हे तुम्ही सांगितले नाहीत, आणि मी विचारणार नाही. १९९७ पासून डी. के. बसू खटल्यातील निर्देश ठाण्याठाण्याच्या भिंतीवर टांगलेले आहेत. अटकेचा मेमो, नातेवाइकास खबर, वैद्यकीय तपासणी. भिंतीवर ते असतात, याची ग्वाही मी देतो.

अभिमानी : पहिल्या दिवशी का नाही, याचे उत्तर आहे आणि ते लाजिरवाणे आहे. मधल्या चार दिवसांत गणपतीचे विसर्जन होते. खुनाचा तपास करणारा अधिकारी सकाळी सहापासून दुसऱ्या पहाटेपर्यंत चौपाटीच्या बंदोबस्तात उभा होता, आणि त्याच्याबरोबर फायलीतल्या प्रत्येक कागदाची ज्याला माहिती होती तो हवालदारही. गुन्ह्यांचा तपास आणि कायदा-सुव्यवस्था ही कामे वेगवेगळ्या पोलिसांकडे सोपवा, दहा लाखांवर वस्तीच्या शहरांपासून आरंभ करा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश सिंग खटल्यात २००६ साली दिला; तरी निवृत्तीच्या वर्षापर्यंत मामांचे नाव बंदोबस्ताच्या यादीत येतच राहिले. शिवाय वरून दर तासाला एकच प्रश्न : आरोपी कोठे आहे? हा प्रश्न वरिष्ठ विचारतात कारण त्यांना वर्तमानपत्रे विचारतात, आणि वर्तमानपत्रे विचारतात कारण आपण विचारतो. पुण्यात १९७६ च्या ऑक्टोबरात जोशींच्या आणि डिसेंबरात अभ्यंकरांच्या घरी जे घडले, त्यानंतर संध्याकाळी सातला पेठा ओस पडत. धागा हाती लागायला पुढच्या मार्चमध्ये नदीत आणखी एका तरुणाचे प्रेत सापडावे लागले, आणि मारेकरी निघाले ते कलाशिक्षण घेणारे चार विद्यार्थी, ज्यांना १९८३ च्या नोव्हेंबरात येरवड्यात फाशी झाली. मधल्या त्या महिन्यांत पुण्याच्या पोलिसांनी घाबरून कोणातरी चौघा पालवाल्यांना पकडून उभे केले असते, तर पुण्याने त्या रात्री शांत झोप घेतली असती. आपल्या शांत झोपेची किंमत कोण देतो, याचा विचार तुम्हीआम्ही केलेला नाही.

शंकेखोर : हे मात्र तुम्ही माझ्याच पारड्यात टाकलेत. मग निष्कर्ष सरळ आहे : माणसाचे कळणे कमी करा, यंत्राचे वाढवा. १ जुलै २०२४ पासून नवे कायदे आले. तीनशे दोन जाऊन एकशे तीन आले, लोकांच्या तोंडी मात्र तीनशे दोनच राहील. त्यांत झडती आणि जप्तीचे ध्वनिचित्रमुद्रण आवश्यक झाले, सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने स्थळी जाण्याची तरतूद झाली, ती राज्यांनी पाच वर्षांच्या आत अमलात आणायची आहे. सुरा झुडपातून निघताना आता कॅमेऱ्याला दिसेल. त्या कॅमेऱ्यापुढे तुमचे मामा आणि कालचा पोरगा दोघेही सारखेच, आणि मला त्यात आनंद आहे.

अभिमानी : मलाही आहे; मामांनाही होता. शेवटच्या काही वर्षांत त्यांचा निम्मा दिवस सराफाच्या, वाण्याच्या, मद्याच्या दुकानांतून कॅमेऱ्यांतले चित्रण मागण्यात जाई, कारण आठ-पंधरा दिवसांत त्यावर नवे चित्रण चढते आणि जुने पुसले जाते. आणि त्या चित्रणाला कायद्याचे प्रमाणपत्र जोडले नाही तर त्याची किंमत शून्य, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली जालन्याच्या एका निवडणूक-खटल्यात पक्के केले. पण कोणत्या दुकानाचा कॅमेरा मागायचा, हे कॅमेरा सांगत नाही. तुमच्या त्या अल्बमात चौघांची छायाचित्रे होतीच की, यंत्राने काढलेली, निर्विकार. ती पाहायला माणूस लागला, आणि तो सोळा वर्षांनी मिळाला. आणि या कामाचा एक भाग असा आहे जिथे यंत्र पोहोचतच नाही. मयताच्या घरी जाऊन सांगायचे कोणी? मामा शिपायाला पाठवीत नसत. ते पादत्राणे बाहेर काढून आत जात, बसायला मिळेपर्यंत काही बोलत नसत, आणि 'मृत्यू' हा शब्द न वापरता 'आता ते नाहीत' म्हणत. त्या घराशी त्यांचे नाते पुढे दहा-दहा वर्षे टिकत असे, कारण खटला तितकी वर्षे चाले. त्या अवधीत साक्षीदार फितूर होतात. तेही बहुधा पैशांनी होत नाहीत, आरोपीच्या आणि त्यांच्या घरांत लग्नसंबंध होतात म्हणून होतात, भीतीने होतात, किंवा निव्वळ कंटाळून. निवृत्त होऊन आठ वर्षे झाल्यावरही मामांना समन्स येते. गेल्या पावसाळ्यात अकरा वर्षांपूर्वीच्या खुनात साक्ष होती. मुद्देमालाचे पुडके उघडले तेव्हा लाखेची मोहोर शाबूत होती, पण लेबलावरची दोन्ही पंचांची अक्षरे उडून गेली होती. आणि ते दोन्ही पंच हयात नव्हते.

शंकेखोर : त्या साक्षीत मी असतो तर लेबलावरच बोट ठेवले असते, आणि कदाचित तुमचा आरोपी सुटला असता, त्याबद्दल मला रात्री झोप लागली असती काय, हे मला विचारू नका. पण या साऱ्या बोलण्यातून माझा प्रश्न आता बारीक झाला आहे. जुनाजाणता अंमलदार कळल्याची चूक करतो की नाही, हा तो प्रश्न नव्हे. करतोच, आणि कधी कधी आपल्या हट्टाने ती सुधारतोही. प्रश्न असा, की त्या सुधारण्याच्या आधीचा संशय, म्हणजे पहिल्या संध्याकाळी त्याला काय वाटले, चौथ्या दिवशी ते कोठे डळमळले, कोणता दुसरा माणूस त्याच्या डोळ्यांपुढून गेला आणि का सोडला, हे सारे नोंदले जाते कोठे? दोषारोपपत्रात नाही, तिथे सारे पहिल्यापासून निश्चितच असते. मला पंचवीस वर्षांत पोलिसांची निश्चिती रगड वाचायला मिळाली. त्यांची शंका एकदाही मिळाली नाही.

अभिमानी : केस डायरीत. मामांची निदान तिथे असे. दर रात्री, कितीही उशीर झाला तरी, ते दिवसाचा तपास लिहीत, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी एक कोरे पान घेऊन त्यावर 'आरोपी हा नसल्यास' असा मथळा घालून जे सुचेल ते लिहीत. भाच्याच्या प्रकरणात त्या पानावर पहिलीच ओळ कुर्ल्याच्या ठाण्याची होती. म्हणून ते तिकडे गेले. हे पान त्यांनी कोणा वरिष्ठाच्या हुकुमावरून लिहिलेले नाही, आणि त्यांच्या बरोबरीचे कोणी लिहीत असे मी ऐकलेले नाही. इतरांच्या डायऱ्यांत काय असते ते मला सांगता येणार नाही.

शंकेखोर : मलाही नाही, कारण ती डायरी आरोपीला किंवा त्याच्या वकिलाला मागता येत नाही. न्यायाधीश पाहू शकतात, आम्ही नाही. अपवाद काय तो एवढाच, की अंमलदाराने साक्षीच्या पिंजऱ्यात आठवण ताजी करण्यासाठी ती उघडली, किंवा त्याला खोटे पाडण्यासाठी न्यायालयाने तिचा वापर केला, तर त्या भागापुरती आम्हाला पाहायला मिळते. तुमचे मामा साक्षीच्या वेळी ती उघडीत असत काय?

अभिमानी : नाही. खात्यात शिरल्यावर पहिल्या वर्षी एका जुन्या जमादाराने त्यांना ते शिकवले होते : आदल्या रात्री घरी वाचून जायचे, आणि न्यायालयात डायरी पिशवीत ठेवायची. गेल्या पावसाळ्यातही ती पिशवीतच होती.

शंकेखोर : जुन्या संहितेत त्या कलमाचा आकडा १७२ होता, नव्या संहितेत १९२ झाला आहे. नियम तोच आहे.